निम्मं घर काकूंच्या डोक्यात: खुबा मोडल्यानंतरचे बारा आठवडे

मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते, अठरा वर्षं झाली. खुब्याचं हाड मोडलेले पेशंट सतत येतात आणि बहुतेकांची वाट एकच असते: ऑपरेशन, वॉकर, काठी. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते हाडासाठी नाही, हाड उत्तम जुळलं. ज्या घरात ते जुळलं त्या घराची घडी कशी आहे हे मला तीन आठवडे कळलं नाही, आणि त्या उशिराचा त्रास दोघांनाही झाला. दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

काका ७४, काकू ७१. १९८४ साली न्यू जर्सीला गेले आणि २०१८ मध्ये निवृत्त होऊन बाणेरला फ्लॅट घेऊन परत आले. पासपोर्ट दोघांचेही अमेरिकेचे, इथे राहतात ते ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं त्या कार्डावर. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सिॲटलला. पुण्यात जवळचं म्हणावं असं माणूस एकच, काकूंचा भाचा. तोही चाकणला नोकरीला, म्हणजे आठवडाभर हाताशी नाही.

चौतीस वर्षं या दोघांनी घरात मदतनीस ठेवला नव्हता. धुणं-भांडी, गवत कापणं, हिवाळ्यात दारातला बर्फ उपसणं, सगळं दोघांनी मिळून केलं. पुण्यात आल्यावर काकूंनी केर-फरशी आणि भांड्यांना बाई लावली, स्वयंपाक मात्र स्वतःकडेच ठेवला. काकांना घरात परकं माणूस फार वेळ वावरलेलं सहन होत नसे. बाई आली की ते आपल्या खोलीत जाऊन दार ओढून घेत. यात तुसडेपणा नव्हता. दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं म्हणजे नेमकं कसं बोलायचं, कुठे उभं राहायचं, हेच त्यांना उमगत नसे.

आणखी एक वाटणी होती, ती कुणी ठरवून केली नव्हती. अमेरिकेचं सगळं काकांकडे: सोशल सिक्युरिटी (तिकडचं सरकारी पेन्शन), दोन्ही देशांचे टॅक्स, बँका, मेडिकेअर (तिकडचा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा), विम्याची पॉलिसी. भारताचं सगळं काकूंकडे: दूधवाला, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, बाईचा पगार, कुणाच्या मुंजीला किती आहेर करायचा, कोणता प्लंबर हाकेला येतो, कोणता डॉक्टर रविवारी फोन उचलतो. इतक्या वर्षांनी परतलेल्या जोडप्यांत हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. एकाचं मन तिकडचे कागद सांभाळतं, दुसऱ्याचं इकडची माणसं. दोघंही धडधाकट आहेत तोवर घर सुरळीत चालतं.

पुढे ज्यांचा संबंध आला अशा दोन जुन्या गोष्टी इथेच सांगते. २०१६ मध्ये न्यू जर्सीत काकूंची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली होती. हाडं विरळ होऊ लागली आहेत असं निदान होऊन आठवड्याला एक गोळी सुरू झाली होती. पुण्याला आल्यावर ती कधीतरी बंद पडली. दुसरी गोष्ट मेडिकेअरची. मेडिकेअर सर्वसाधारणपणे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. त्याचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी वगैरेंचा भाग, चालू ठेवायचा तर हप्ता मात्र दरमहा भरावाच लागतो. २०२४ मध्ये तो माणशी १७४ डॉलर ७० सेंट होता. जे पुण्यात चालतच नाही त्याचे दोन हप्ते कशाला, असा विचार करून काकांनी जानेवारी २०१९ पासून काकूंचा पार्ट बी बंद केला. स्वतःला रक्तदाब आणि हृदयाचा त्रास असल्यामुळे आपला चालू ठेवला. तेव्हा काकूंना साधी सर्दीही क्वचित होत असे.

घटना

२० जुलै २०२४, शनिवार. संध्याकाळी पावसाची झड आली आणि काकू ड्राय बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. गुळगुळीत टाइलवर पाणी साचलं होतं. उजव्या कुशीवर पडल्या. काका आले तेव्हा उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. काकांनी मला नंतर सांगितलं, “फोन हातात घेतला आणि बोटांनी ९११ दाबलं. इथला नंबर मला आठवेचना.” १०८ अगदी फ्रिजवर चिकटवलेला होता, काकूंच्या अक्षरात. शेवटी शेजारच्या ताईंनी रुग्णवाहिका बोलावली.

मांडीचं हाड खुब्याच्या सांध्याखाली मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं, आपल्याकडे ज्याला रॉड घातला म्हणतात ते. कमरेतून भूल दिली होती. या प्रकारात रॉड नीट बसला तर पेशंटला सोसेल तेवढा भार लगेच देऊ देतात. तसा तो दिला आणि सोमवारी काकू वॉकर धरून पलंगाशी उभ्या राहिल्या.

त्याच रात्री काकू इंग्रजीत बोलू लागल्या. सिस्टरला न्यू जर्सीतल्या शेजारणीच्या नावाने हाक मारली. काकांना म्हणाल्या, “अहो, गराजचं दार उघडं राहिलंय, बर्फ आत येईल.” जुलैचा पाऊस काचेवर आपटत होता. काका हादरले, त्यांना वाटलं ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत उतरतो. पण हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर घरचा माणूस खचतो. डॉक्टरांनी झोपेची एक गोळी बंद केली, चष्मा परत डोळ्यांवर चढवला, दिवसा पडदे उघडे ठेवायला सांगितले. बुधवारपर्यंत काकू पुण्यात परत आल्या होत्या.

मुलगा बुधवारी पोचला. गुरुवारी, २५ तारखेला, घरी सोडणार होते. त्या दिवशी पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, वरून मुसळधार, आणि सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. मी त्याच बाजूला राहते, माझ्याही पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. डिस्चार्ज शुक्रवारी झाला, माझी पहिली भेट शनिवारी.

बिलाबद्दल थोडक्यात. एकूण ३ लाख १८ हजार झाले. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला रोजची मर्यादा होती आणि मुलाने आईसाठी त्याहून महागडी खोली घेतली. अशा वेळी विमा कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार यांतही त्याच प्रमाणात कपात करते. वर ज्येष्ठांच्या पॉलिसीतला को-पे, म्हणजे बिलातला पेशंटने स्वतः भरायचा ठरावीक टक्का. विम्याने सव्वादोन लाखांच्या आत दिले. खोली निवडताना पॉलिसी कुणी उघडलीच नव्हती; ती काकांच्या लॅपटॉपमध्ये होती आणि काका काकूंच्या उशाशी.

पहिला निर्णय

मुलगा ४ ऑगस्टपर्यंत होता. न्हाणीघरात दांड्या बसवल्या, कमोडवर उंच सीट आणली, पलंगाखाली ठोकळे लावून तो गुडघ्याच्या उंचीला आणला, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. ही कामं त्याने मनापासून आणि अचूक केली. जाण्याच्या आदल्या दिवशी प्रश्न निघाला, पुढे काय?

मी बारा तासांची मावशी, म्हणजे पेशंटची देखभाल करणारी बाई, ठेवा असं सुचवलं. काका म्हणाले, “आम्ही दोघांनी दोन मुलं मदतीशिवाय वाढवली. हिचं मी करीन.” त्या वाक्यात इतकं प्रेम होतं की मी पुढे बोलले नाही. मुलगाही बोलला नाही. काकूंना कुणी विचारलं नाही, मीही नाही.

हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला पहिला खरा वळणबिंदू. त्या दिवशी मी तीन साधे प्रश्न विचारायला हवे होते: रात्री किती वेळा उठावं लागतं, काकांची स्वतःची औषधं कोणती, आणि काकांना स्वयंपाकातलं काय येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं चहा, टोस्ट आणि उकडलेली अंडी.

अडचण

पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. त्या मला सुट्या सुट्या दिसल्या, एकत्र दिसल्या नाहीत.

पहिली, काकूंचं चालणं मागे गेलं. मी एक साधी चाचणी घेते: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. बारा सेकंदांच्या वर लागले तर पडण्याचा धोका धरतात. २ ऑगस्टला काकूंना वॉकरसह ५८ सेकंद लागले, ९ तारखेला ७४. वेदना वाढली नव्हती, टाके निघाले होते, जखम कोरडी होती. मग असं का? काका त्यांना उठूच देत नव्हते. पाणी पलंगावर, जेवण पलंगावर, पुस्तक हातात. रात्री न्हाणीघरापर्यंत नको म्हणून बेडपॅन आणला होता. झोपून राहिलं की म्हाताऱ्या मांडीचा स्नायू बघता बघता उतरतो, आणि खुबा मोडलेल्या माणसाला त्याच स्नायूचा आधार असतो.

दुसरी, काकूंनी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणं बंद केलं होतं. काकांची झोपमोड नको म्हणून. हे मला त्यांनी सांगितलं नाही. लघवीला जळजळ सुरू झाल्यावर विचारलं तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि सोडून दिली. ८ ऑगस्ट, गुरुवार. जेवणाच्या टेबलावर काकांचा गोळ्यांचा डबा होता, अमेरिकेतून आणलेला, आठवड्याच्या सात खणांचा, झाकणांवर एम, टी, डब्ल्यू अशी अक्षरं. सोमवारपासूनचे चारही खण भरलेले होते, एकही गोळी हललेली नव्हती. मी म्हटलं, “काका, गोळ्या राहिल्यात.” ते म्हणाले, “हो हो, घेतो.” आणि मी काकूंच्या व्यायामाकडे वळले. माझा पेशंट पलंगावर आहे असं मी धरून चालले होते.

घरात एव्हाना भारताचा कारभार ठप्प झाला होता. गॅस संपला तर बुकिंग काकूंच्या नंबरवरून होतं हे काकांना ठाऊक नव्हतं. दूधवाल्याचं दोन महिन्यांचं बिल कुठल्या डायरीत आहे ते सापडेना. केर-फरशीची बाई पगार मागायला आली तेव्हा काकांनी तिला किती द्यायचे हे तिलाच विचारलं. प्रत्येक गोष्टीसाठी काकूंना उठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे ते अंदाजाने करत आणि चुकत.

१२ ऑगस्टला पहाटे कमोडवरून उचलताना काकांची कंबर धरली. त्यांनी काकूंना काखेत हात घालून उचललं होतं. तसं उचलू नये हे मी त्यांना दाखवलं होतं, पण पहाटे चार वाजता, तिसऱ्या रात्रीच्या जागरणानंतर कुणाला आठवतं? काकू कशाबशा वॉकरला धरून उभ्या, काका फरशीवर. दार आतून बंद. शेजारच्या ताईंकडे किल्ली होती म्हणून बरं झालं. आठ वाजता मी पोचले तेव्हा काकांचा रक्तदाब १७६/१०० होता. आता पेशंट दोन होते.

पर्याय

मंगळवारी रात्री आठला सगळे फोनवर आले. न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा, सिॲटलला साडेसात. भाचा आणि मी प्रत्यक्ष. चार वाटा समोर होत्या.

एक, दोघांनी न्यू जर्सीला मुलाकडे जायचं. मुलाचा आग्रह याचाच होता आणि मला त्याची तगमग समजत होती. पण ऑर्थोच्या डॉक्टरांचा सल्ला होता की इतका लांबचा प्रवास तीन महिन्यांपर्यंत टाळलेला बरा. मुंबईहून थेट विमान धरलं तरी पंधरा-सोळा तास बसणं, आणि अशा ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका. दुसरी अडचण काकांनी स्वतः सांगितली, आवाज अगदी खाली आणून. काकूंचा पार्ट बी नव्हता. रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर पार्ट ए आहे, पण डॉक्टरांच्या भेटी आणि बाहेरची फिजिओथेरपी पार्ट बीमध्ये येते. तो पुन्हा घ्यायचा तर अर्ज जानेवारी ते मार्च याच काळात करता येतो, संरक्षण त्याच्या पुढच्या महिन्यापासून, आणि मधल्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यावर दहा टक्के कायमचा दंड. काकूंच्या बाबतीत तो साठ टक्क्यांवर जात होता. ऑगस्टमध्ये गेलं तर किमान जानेवारी संपेपर्यंत प्रत्येक भेटीचे पैसे खिशातून.

दोन, पुण्यातल्या एखाद्या पुनर्वसन केंद्रात महिनाभर काकूंना ठेवायचं. यंत्रं, नर्स, रोज दोनदा व्यायाम. वैद्यकीयदृष्ट्या हा पर्याय वाईट नव्हता. माझ्या मनात एकच शंका होती, तो रात्रीचा भ्रम. ओळखीची जागा सुटली तर तो परत येण्याची भीती होती.

तीन, घरी चोवीस तासांची मावशी. काकांना हे नकोच होतं.

चार, घरी दिवसा बारा तासांची मावशी, रात्र काकांची, पण रात्रीची कामं कमी करून.

अर्धा तास चर्चा झाली. मुलगी केंद्राच्या बाजूची, मुलगा विमानाच्या, काका काहीच नको या बाजूचे. माझ्या लक्षात आलं की फोन टेबलावर आहे आणि काकू आतल्या खोलीत पलंगावर. मी फोन उचलून आत नेला आणि त्यांच्यासमोर धरला. काकू म्हणाल्या, “मला कुणाच्या गेस्ट रूममध्ये बरं व्हायचं नाहीये. मला माझ्या ओट्याशी उभं राहायचंय. गणपती ७ तारखेला आहेत.” मग काकांकडे बघून, “आणि अहो, तुम्ही मला उचलायचं बंद करा. तुम्ही उचलता म्हणून मी उठत नाही.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. चौथा पर्याय ठरला.

काय केलं

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली पहिली मावशी दोन दिवस टिकली. काका तिच्या हातातून ताट काढून घेत, “असू दे, मी करतो” म्हणत. तिने ब्युरोला कळवलं की इथे मला काम नाही. तेव्हा मी काकांशी एकट्यांशी बोलले. तासभर लागला. त्यांच्या मनात असं होतं की बायकोची सेवा पैसे देऊन करून घेणं म्हणजे हात झटकणं. मी त्यांना आकडे दाखवले, ५८ आणि ७४. इंजिनिअर माणूस, आकड्यांपाशी थांबला.

दुसरी मावशी धाराशिवकडची, पंचेचाळिशीची, दिवसाला ९०० रुपये, सकाळी आठ ते रात्री आठ. विमा अशा मदतनीसाचा खर्च देत नाही, तो खिशातूनच. सोसायटीच्या नियमाप्रमाणे तिची पोलीस पडताळणी झाली. पहिल्याच दिवशी काकांनी सांगितलं की ती टेबलावर त्यांच्याबरोबर जेवेल. तिला दोन दिवस अवघड गेलं, नंतर सवय झाली. फ्रिजवर आम्ही तिघांनी मिळून कागद लावला: कोण काय करणार आणि, त्याहून महत्त्वाचं, कोण काय करणार नाही. काकांनी करायच्या नाहीत अशा गोष्टींत उचलणं, अंघोळ आणि पलंगावर जेवण देणं हे होतं.

ही मावशी काय करत असे ते मला शिकण्यासारखं वाटलं. काकूंनी पाणी मागितलं की ती आणून देत नसे. म्हणे, “आज्जी, चला, माठातलं घेऊ. येताना तुमची तुळस बघू, सुकलीय.” वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हे तिने माझ्याकडून एकदाच ऐकलं आणि नंतर स्वयंपाकघरात ते मोठ्याने म्हणत राहायची. मी आठवड्यातून पाच वेळा पस्तीस मिनिटं व्यायाम घ्यायचे. तिने दिवसातून दहा वेळा कामासाठी चालवलं. माझ्या मते काकूंची ताकद त्या दहा फेऱ्यांनी आली.

रात्रीसाठी बेडपॅन काढून टाकला. कमोड खुर्ची पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवली, चांगल्या पायाच्या. जमिनीलगत छोटा दिवा. पाणी दिवसभरात भरपूर, रात्री साडेसातनंतर घोटभरच. काकूंनी स्वतः उठायचं, काकांनी शेजारी फक्त उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. मी खरोखर त्यांना हात बांधून उभं राहण्याचा सराव करायला लावला.

काकांचा रक्तदाब घरच्या डॉक्टरांनी हाती घेतला. गोळ्यांचा डबा काकूंच्या उशाशी गेला. सकाळी त्या झाकण उघडून गोळी त्यांच्या हातावर ठेवत. पडल्यानंतर त्यांना घरातलं मिळालेलं हे पहिलं काम, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आवाजात फरक पडला. संध्याकाळी चार ते सहा काकांनी घराबाहेर राहायचं, हा मुलीचा आग्रह. सुरुवातीला ते सोसायटीच्या बाकावर बसून खिडकीकडे बघत, नंतर पाषाण तलावापर्यंत जाऊ लागले.

हाडांच्या औषधाचा प्रश्न वेगळाच अडकला. आधीच्या तपासणीचे रिपोर्ट हवे होते. ते अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या पोर्टलवर, आणि लॉगिनचा ओटीपी जाई काकूंच्या अमेरिकेतल्या मोबाइल नंबरवर, जो २०१९ मध्येच बंद केला होता. शेवटी काकूंची सही असलेलं पत्र पाठवून मुलाने कागद मिळवले, सतरा दिवस गेले. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत हे तसंही स्पष्टच होतं, पण आधी कोणती गोळी किती काळ घेतली हे डॉक्टरांना हवं होतं. ड जीवनसत्त्व कमी होतं. ते भरून काढलं, मूत्रपिंड आणि दात तपासले, आणि सप्टेंबरमध्ये वर्षातून एकदा देतात ते झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन शिरेतून दिलं.

निकाल

३० ऑगस्टला चाचणी ३४ सेकंदांवर आली. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. मी मुद्दाम सकाळी गेले. काकू ओट्याशी उंच स्टुलाला टेकून उभ्या होत्या, वॉकर हाताच्या अंतरावर. उकड काकांनी मळली होती, काकूंच्या सूचनांवर, आणि ती थोडी सैल झाली होती. काकूंनी अकरा मोदक वळले. सातव्यानंतर खाली बसल्या, पाच मिनिटांनी परत उठल्या. उठताना काका शेजारी होते, हात पाठीमागे.

दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, बारा आठवडे झाले. काठीसह १७ सेकंद. अजून बाराच्या वरच. एक्स-रेत हाड जुळलेलं. उजवा पाय किंचित आखूड राहिला, चपलेच्या आतून टाच दिल्यावर लंगडणं जवळजवळ गेलं. मावशी नंतर निम्मा दिवस येऊ लागली आणि अजून येते. काकांची कंबर सहा आठवडे दुखली. ड्राय बाल्कनीत आता खरखरीत टाइल आहेत, तरी काकू तिथे एकट्या जात नाहीत. ती भीती व्यायामाने गेलेली नाही, मी प्रयत्न करते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मुलगा पहिल्याच आठवड्यात आला. कुठलाही मुलगा येईल, आणि आईने डोळे उघडल्यावर तो दिसला याची किंमत मी कमी लेखत नाही. पण त्याची दहा दिवसांची रजा ज्या काळात संपली त्यातले पहिले दोन-तीन दिवस नर्स हाताशी होत्या. घरात खरी ओढाताण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात झाली, तेव्हा कुणीच नव्हतं. आता परदेशातली मुलं मला विचारतात तेव्हा मी सांगते: दोन भावंडं असाल तर एकाने लगेच या, दुसऱ्याने तीन आठवड्यांनी. इथे मुलीला तसं येता आलं असतं, तिला कुणी सुचवलंच नाही.

पार्ट बी बंद करणं चूक होती का, यावर काका अजून स्वतःला बोल लावतात. मला तसं वाटत नाही. सहा वर्षं वापरायचं नाही त्याचे पैसे न भरणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. राहून गेलं ते हे की त्याचा अर्थ मुलांना सांगितला नव्हता. मुलगा तीन आठवडे असं धरून चालला होता की आईला कधीही उचलून तिकडे नेता येईल, म्हणून पुण्यातली व्यवस्था त्याने तात्पुरतीच मानली. पुढच्या जानेवारीत सगळ्यांनी मिळून ठरवलं की पार्ट बी पुन्हा घ्यायचा नाही. तिकडे भेटीला जाताना प्रवास विमा काढायचा आणि आजारपण पुण्यात काढायचं. दंडाचे आणि हप्त्याचे पैसे मावशीसाठी बाजूला ठेवले.

मेडिकल रिपोर्ट परतताना छापून आणले असते, किंवा पोर्टलचा नंबर बदलून घेतला असता, तर सतरा दिवस वाचले असते. गोळी बंद पडली हे लक्षात आलं असतं तर कदाचित हाडही वाचलं असतं, पण तसं खात्रीने म्हणता येणार नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर, ८ ऑगस्टचा तो गोळ्यांचा डबा. तेव्हाच काकांचा रक्तदाब मोजून त्यांच्या डॉक्टरांना फोन केला असता तर चार दिवस आधी सगळं हललं असतं. आता दोघांच्याच घरात पहिल्या भेटीला गेले की माझ्या वहीत दोन पानं उघडते. एकावर पेशंटचं नाव, दुसऱ्यावर दुसऱ्या माणसाचं: औषधं, झोप, कंबर, शेवटचं पोटभर जेवण कधी झालं. दुसरं पान मी आधी भरते, कारण ती उत्तरं द्यायला कुणी आपणहून येत नाही.

फ्रिजवर सध्या दोन कागद आहेत. एक काकूंच्या अक्षरात: गॅस, दूध, प्लंबर, मावशीचा पगार, १०८. दुसरा काकांच्या: पॉलिसी नंबर, खोलीच्या भाड्याची मर्यादा, बँका, कुठला पासवर्ड कुठल्या वहीत. पहिला कागद काकांनी आणि दुसरा काकूंनी पाठ करायचा असं ठरलं आहे. मी गेल्या आठवड्यात गेले तेव्हा काकू काठी टेकून उभ्या होत्या आणि काका त्यांच्याकडून को-पेचा टक्का वदवून घेत होते.